अक्षरांनी घडलेला पत्त्यांचा कॅट

संगणकाच्या पडद्यावरचे पत्ते बहुतेकांनी प्रथम पाहिले ते विंडोजमधील ‘सॉलिटेअर’ या खेळात. १९९० साली विंडोज ३.० बरोबर हा खेळ आला. त्यातील पत्ते सुझन केअर या आरेखनकर्तीने ठिपक्याठिपक्याने सजवले होते. बावन्न पाने म्हणजे बावन्न लहान चित्रे, शिवाय पाठीचे नमुने वेगळे, असा त्याचा हिशेब होता. पुढे महाजालावर पत्त्यांचे खेळ आले तेव्हाही बहुतांशी हाच हिशेब कायम राहिला. असे चित्र मोठे केले की त्याच्या कडा फुटतात, लहान केले की कोपऱ्यातला आकडा पुसट होतो. अंध खेळाडूला मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तर त्या चित्रात काय आहे हे, कोणी वेगळे लिहून ठेवले नसेल तर, कळतच नाही.

याला दुसरा मार्ग आहे. पत्ता हे चित्र न मानता छापील मजकूर मानायचा, त्यावरील आकडा आणि चिन्ह ही अक्षरे समजायची आणि त्यांची मांडणी सीएसएसकडे सोपवायची. ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’ अर्थात सीएसएस ही भाषा होकॉन व्हियुम ली यांनी १९९४ साली सर्न या संशोधन संस्थेत असताना सुचवली. बर्ट बॉस यांच्या साथीने तिची घडण झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची पहिली आवृत्ती मान्य केली. मजकूर एकीकडे ठेवावा, त्याचे रूप दुसरीकडे लिहावे, हे तिचे मूळ सूत्र. पत्त्याला ते चपखल लागू पडते.

वरवर पाहता हा नव्या युगाचा खटाटोप वाटेल. प्रत्यक्षात इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर ही चार चिन्हे अशाच काटकसरीतून रुजली. फ्रान्समध्ये १४८० च्या सुमारास ती रूढ झाली. त्याआधीच्या जर्मन पत्त्यांवर ओकची फळे आणि घुंगरे असत, इटालियन पत्त्यांवर पेले आणि तलवारी. ती रेखाटायला आणि रंगवायला कष्ट पडत. फ्रेंच चिन्हे मात्र सपाट आणि एकरंगी होती. कापलेल्या साच्यावरून रंगाचा कुंचला फिरवला की पान तयार. कोरीव ठसा लागे तो केवळ राजा, राणी आणि गुलाम या बारा चित्रांसाठी. आज साच्याची जागा फॉन्टने घेतली आहे इतकेच.

चिन्ह की इमोजी?

ही चार चिन्हे महाजालाच्या आधीच अक्षरे झाली होती. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात तिसऱ्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंत बदाम, चौकट, किलवर आणि इस्पिक बसवलेले होते. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये त्यांना स्वतंत्र नावे मिळाली. युनिकोडमध्ये २६६० ते २६६७ हे आठ क्रमांक त्यांचे आहेत, कारण प्रत्येक चिन्ह भरीव आणि पोकळ अशा दोन रूपांत दिलेले आहे. येथे नवशिका हमखास अडखळतो. युनिकोडच्या नावांतील ‘ब्लॅक’ म्हणजे काळा नव्हे, भरीव. त्यामुळे लाल बदाम हवा असेल तर ‘ब्लॅक हार्ट सूट’ हेच चिन्ह घेऊन त्याला सीएसएसने लाल रंग द्यावा लागतो.

दुसरी अडचण मोबाइलने आणली. ही चारही चिन्हे इमोजी म्हणूनही दाखवता येतात, आणि काही उपकरणे ती आपणहून तशी दाखवतात. इमोजी स्वतःचा रंग घेऊन येतो. सीएसएसने दिलेला रंग त्याला लागत नाही, आणि शेजारच्या आकड्याशी त्याची जाडी, उंचीही जुळत नाही. उपाय सोपा असूनही फारसा माहीत नसतो. चिन्हानंतर युनिकोडचे न दिसणारे एक अक्षर, क्रमांक एफई०ई, जोडले की ‘हे मजकूर म्हणून दाखवा’ अशी सूचना ब्राउझरला मिळते.

ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० ने अख्खी पानेच अक्षरे म्हणून दिली. बावन्न पाने, दोन जोकर, एक पाठ आणि चार ‘नाइट’ मिळून ५९ अक्षरे. हे नाइट म्हणजे टॅरोच्या कॅटातील घोडेस्वार असून ते गुलाम आणि राणी यांच्या मध्ये बसतात. क्रमाने आकडे वाढवत पाने काढणाऱ्या प्रोग्रामरच्या डावात त्यामुळे गुलामानंतर अचानक घोडेस्वार उतरतो आणि राजा गळून पडतो. ही अक्षरे सूचीत वापरायला ठीक. खेळण्यासाठी फार बारीक दिसतात, आणि अख्खे पान एकच अक्षर असल्याने आकड्याला एक रंग व चौकटीला दुसरा असे साधत नाही.

उंचीचे बारा भाग

पोकर पद्धतीचे पान अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असते, म्हणजे प्रमाण ५ : ७. ब्रिजचे पान तेवढेच उंच, पण सव्वादोन इंच रुंद. पडद्यावर ही मापे पिक्सेलमध्ये न लिहिता ‘एम’ या एककात लिहिणे शहाणपणाचे ठरते. एम म्हणजे चालू अक्षराच्या आकाराइतकी लांबी. रुंदी, उंची, कोपऱ्याची गोलाई आणि समास सर्व एममध्ये असले की केवळ अक्षराचा आकार बदलून सारे पान प्रमाणात लहानमोठे होते.

चिन्हांची मांडणी तीन उभ्या पट्ट्यांत असते. दुर्री आणि तिर्री मधल्या पट्टीत, चारपासून पुढे कडेच्या पट्ट्या भरू लागतात. छक्कीपासून अठ्ठीपर्यंत कडेला तीन-तीन चिन्हे, नव्वी आणि दश्शीत चार-चार. तीन आणि चार यांचा मेळ घालताना अनेकांची मांडणी विस्कटते. उंचीचे बारा समान भाग केले की प्रश्न सुटतो. तीन चिन्हे शून्य, सहा आणि बारा या रेघांवर येतात, चार चिन्हे शून्य, चार, आठ आणि बारावर. सत्तीचे मधले जादा चिन्ह तिसऱ्या रेघेवर, अठ्ठीची दोन तिसऱ्या व नवव्या रेघेवर, दश्शीची दोन दुसऱ्या आणि दहाव्या रेघेवर बसतात. सीएसएसमधील ‘ग्रिड’ ही सुविधा २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आल्याने हे काम थेट रेघांचे क्रमांक देऊन होते.

मध्याच्या खालची चिन्हे उलटी असतात. ‘ट्रान्सफॉर्म’ या गुणधर्माने त्यांना १८० अंशांत फिरवता येते. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही सोय २०११ च्या नवव्या आवृत्तीत आली. तोवर सर्वत्र चालेल असे उलटे अक्षर हवे असेल तर चित्राचाच आधार घ्यावा लागे. मात्र अदलाबदल करूनही पान सारखेच दिसते असे नाही. बदामसातच्या डावात पहिली उतरणारी सत्ती नीट पाहावी. तिचे जादा चिन्ह एकाच बाजूला असल्याने तिला डोके आणि पाय असतात. एक्का, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि नव्वी ही इस्पिक, बदाम व किलवरची एकवीस पाने आणि चौकटची सत्ती, अशी २२ पाने उलटी केल्यावर वेगळी दिसतात. जादूगार ही गोष्ट कामाला लावतात. पडद्यावर ‘सुधारणा’ म्हणून सत्ती सममित करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण खेळणाऱ्याची नजर चिन्हे मोजत नाही, आकृती ओळखते.

कोपऱ्यातील अक्षर

पानाच्या कोपऱ्यातील आकडा आज अपरिहार्य वाटत असला तरी तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाला. पाने हातात दाटीने धरून नुसते कोपरे वाचता येऊ लागले. या कोपऱ्याने इंग्रजी भाषेतही फेरफार केला. गुलामाला पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत. त्याचे ‘केएन’ हे लघुरूप किंगच्या ‘के’शी घोटाळा करू लागल्याने ‘जॅक’चा ‘जे’ पुढे आला. त्याआधी जॅक हा शब्द गावंढळ समजला जाई. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये पिप तो वापरतो म्हणून एस्टेला त्याची टर उडवते.

पडद्यावर या कोपऱ्याची किंमत आणखी वाढते. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर ब्रिजची तेरा पाने एकावर एक सरकवून दाखवायची असतील आणि पान ६० पिक्सेल रुंद असेल, तर शेवटचे पान वगळता प्रत्येकाच्या वाट्याला दिसणारी पट्टी २५ पिक्सेलची येते. त्यात आकडा आणि त्याखाली चिन्ह मावले पाहिजे. दश्शी येथे गोत्यात आणते, कारण तिला दोन आकडे लागतात. अक्षरांमधील अंतर उणे करून ते जवळ ओढणे किंवा अरुंद फॉन्ट घेणे हे दोन मार्ग. पोकरच्या नोंदींत दहासाठी ‘टी’ लिहितात, पण मेंढीकोट खेळणाऱ्याला टी पाहून दश्शी आठवेल अशी आशा नको.

फॉन्टची निवड करताना आकड्यांचा घाट आधी पाहावा. मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला जॉर्जिया हा फॉन्ट परिच्छेदात देखणा दिसतो. पण त्याचे आकडे जुन्या वळणाचे आहेत. ६ आणि ८ वर चढतात, ३, ४, ५, ७ आणि ९ खाली लोंबतात, तर १ आणि ० लहान लिपीतील अक्षरांएवढेच ठेंगणे राहतात. परिणामी कॅटातील सर्वांत मोठा आकडा, १०, सर्वांत किरकोळ दिसतो. एका उंचीचे आकडे असलेला फॉन्टच येथे हवा.

लाल किती लाल?

शुद्ध लाल रंग पांढऱ्यावर जितका ठसठशीत वाटतो तितका तो वाचनीय नसतो. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार लहान अक्षरांना किमान ४.५ : १ इतका उजळ-गडद फरक लागतो, शुद्ध लालाचा फरक सुमारे ४ : १ भरतो. लाल घटक २५५ वरून २०४ वर आणून रंग गडद केला की तो सुमारे ५.९ पर्यंत जातो. पण ज्यांच्या डोळ्यांना लाल प्रकाश नीट जाणवत नाही, त्यांना गडद लाल जवळजवळ काळाच दिसतो. एकाची सोय दुसऱ्याची गैरसोय होते, आणि हुकूम बोलला असताना बदाम समजून इस्पिक टाकणे महागात पडते. यावरचा चांगला तोडगा चार रंगांचा. ऑनलाइन पोकरमध्ये किलवर हिरवे आणि चौकट निळी दाखवण्याची पद्धत आहे. जर्मनीच्या एकीकरणानंतर स्काट या खेळासाठी जुन्या जर्मन व फ्रेंच पत्त्यांची तडजोड म्हणून हिरवे इस्पिक आणि पिवळसर चौकट असलेला कॅट निघाला. सीएसएसमध्ये रंग चार ओळींत बदलता येत असल्याने ही निवड खेळाडूवर सोपवण्यास कोणतीच अडचण नाही.

चित्रांच्या पानांपाशी मात्र अक्षरांचे सामर्थ्य संपते. राजाचा अंगरखा सीएसएसच्या चौकोन-वर्तुळांतून उभा करण्याचे हौशी पराक्रम झाले आहेत. कौतुक वाटले तरी ते अनुकरणीय नाहीत. येथे रेषाचित्रांसाठीचे एसव्हीजी हे स्वरूप वापरावे. साच्याने चिन्हे आणि ठशाने चित्रे, ही फ्रेंच कारागिरांची वाटणी येथे जशीच्या तशी परत येते.

महाराष्ट्रात या वाटणीच्या पलीकडची एक परंपरा आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा जातींची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने हाताने रंगवतात. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी चिन्हे, आणि प्रत्येक जातीची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची. गोल पानाला कोपरा नाही, त्यामुळे कोपऱ्यातला आकडाही नाही; पाने सरकवून धरली की कडेची रंगीत कोर जात सांगते. कोपऱ्याची गोलाई ५० टक्के लिहिली की सीएसएसचे चौरस पान गोल होते, पण मासा फॉन्टमधून आणला तर तो सावंतवाडीचा राहत नाही. तो चित्राराकडूनच यायला हवा.

मराठी कोपरा करू पाहणाऱ्याला इंग्रजीचीच जुनी अडचण भेटते. राजा आणि राणी या दोघांचे आद्याक्षर ‘रा’. ‘राजा’ऐवजी पत्त्यांच्या खेळात रुळलेला ‘बादशहा’ घेतला की बा, रा, गु आणि ए अशी चार वेगळी अक्षरे मिळतात. दाखवायचे अक्षर संक्षिप्त असले तरी मूळ एचटीएमएलमध्ये ‘चौकट बादशहा’ असे पूर्ण नाव ठेवावे, म्हणजे वाचक-सॉफ्टवेअर ते नीट उच्चारते. आणखी एक बारकावा गुलामाचा. त्याचा उकार शिरोरेघेपासून बराच खाली उतरतो, आणि रोमन आकड्यांच्या सवयीने ओळीची उंची अक्षराएवढीच ठेवली तर तो खालच्या चिन्हावर आदळतो. ती उंची दीडपटीच्या आसपास ठेवून चारही जातींचे गुलाम आधी तपासावेत, बाकीची पाने नंतर.