ओमेगाची पत

घड्याळांचा संग्रह करणारी मंडळी मोठी चोखंदळ असतात. आज एखाद्या कारखान्याला ती डोक्यावर घेतील आणि उद्या खाली उतरवतील. स्वित्झर्लंडच्या ‘ओमेगा’ने हे दोन्ही अनुभव घेतले आहेत.

लुई ब्रांट याने १८४८ साली स्थापन केलेल्या पेढीने १८९४ मध्ये ‘ओमेगा’ नावाचे यंत्र काढले. त्याचे भाग हुबेहूब सारखे असत, त्यामुळे मोडलेला भाग कोणताही घड्याळजी सहज बदलू शके. हे नाव इतके गाजले, की १९०३ मध्ये पेढीनेच ते धारण केले. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकची वेळ या घड्याळांनी मोजली. १९६५ मध्ये उष्णता, थंडी, धक्के आणि निर्वात यांच्या कसोट्या लावून ‘नासा’ने ओमेगाचे ‘स्पीडमास्टर’ अंतराळवीरांसाठी पसंत केले. १९६९ मध्ये ते ऑल्ड्रिनच्या मनगटावरून चंद्रावर उतरले. यापरती प्रतिष्ठा ती कोणती!

दैवाचा खेळ असा, की त्याच वर्षीच्या नाताळात जपानच्या सेइकोने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळधंद्यातील हजारो कामगार घरी बसले. मात्र ओमेगाची पत जपान्यांनी बुडवली असे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते. क्वार्ट्‌झ रोलेक्सनेही केले, पण बेताने. आपले ओळखीचे रूप तिने सोडले नाही. ओमेगाने नमुन्यांचा सुकाळ केला. जे घड्याळ दहा रूपांत मिळते, त्याची हौस कोण किती दिवस बाळगणार? अखेर १९८३ मध्ये बँकांच्या पुढाकाराने मोठे विलीनीकरण झाले आणि निकोलस हायेक यांच्या कारकिर्दीत गाडी रुळावर आली. १९९९ मध्ये इंग्लिश कारागीर जॉर्ज डॅनियल्स यांची नवी रचना ओमेगाने स्वीकारली. जाणकारांनी तिचे कौतुक केले, पण संग्राहकांची नजर जुन्या स्पीडमास्टरवरच खिळलेली राहिली.

जुन्या घड्याळाची किंमत त्याच्या अस्सलपणावर ठरते आणि अस्सलपणाचा मोठा आधार म्हणजे कारखान्याचे दप्तर. आम्हा शाळामास्तरांना जनरल रजिस्टरातल्या एका नोंदीचे वजन ठाऊक आहे, तसेच हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ सालचे, तबकडी तपकिरी पडलेले एक स्पीडमास्टर निघाले. अंदाज होता फार तर १ लाख २० हजार फ्रँकांचा. बोली गेली ३१ लाखांवर. ओमेगाच्या घड्याळाला इतका भाव कधीच आला नव्हता. संग्राहकांत आनंदीआनंद झाला.

२०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते आणि या प्रकरणात तिच्याच तीन माजी नोकरांचा हात होता. भाग बहुतेक ओमेगाचेच, घड्याळ मात्र बनावट! आणि ३१ लाख मोजून ते घेतले होते कोणी? ओमेगाच्याच संग्रहालयासाठी ते खरेदी झाले होते.