डब्यात न मावलेली मुरवण

जर्मन भाषेत ‘लागर’ म्हणजे कोठार आणि ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणे. बिअरच्या एका मोठ्या घराण्याचे नाव रंगावरून, चवीवरून किंवा गावावरून न पडता ठेवणीवरून पडावे, याचे अनुवादक म्हणून मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारे क्रियापद ‘साठवणे’ नसून ‘मुरणे’ आहे, असे माझे मत आहे. बरणीत लोणचे नुसते साठत नाही, मुरते. लागर म्हणजे थंडीत मुरलेली बिअर.

घरी लागर करण्याचे किट वाचताना (अशा किटची सूचनापत्रिका हा वाचण्याजोगा वाङ्मयप्रकार आहे) हा शब्द पुन्हा अडवतो. किटमध्ये साधारण 1.7 किलोचा एक डबा असतो. आत काकवीसारखा दाट, तपकिरी पाक: मोड आणून वाळवलेल्या जवाचा अर्क, हॉप्सचा कडूपणा आधीच मिसळलेला. झाकणाखाली काही ग्रॅम कोरड्या यीस्टची पुडी. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, पाणी वाढवून सुमारे 23 लिटर करायचे, गार झाल्यावर यीस्ट भुरभुरायचे. जव भिजवणे, मोड आणणे, भट्टीत वाळवणे, भरडणे, गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवणे, हॉप्सबरोबर उकळणे ही सारी कामे कारखान्यात उरकून डब्यात बंद झालेली आहेत. डब्यात बंद करता आली नाही ती मुरवण.

मुरवणीचा इतिहास बव्हेरियातला. 1553 साली तिथल्या ड्यूक पाचव्या आल्ब्रेख्टने बिअर गाळण्याचा हंगाम ठरवून दिला: सेंट मायकेलच्या दिवसापासून, म्हणजे 29 सप्टेंबरपासून, सेंट जॉर्जच्या दिवसापर्यंत, म्हणजे 23 एप्रिलपर्यंत. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते, हा अनुभव त्यामागे होता. मग उन्हाळ्यासाठीची बिअर हिवाळ्याअखेर करून थंड तळघरांत, बर्फाच्या सोबतीने ठेवली जाऊ लागली. अशा थंडीत जे यीस्ट तग धरते, सावकाश काम करते आणि शेवटी तळाशी बसते, तेच पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. कायदा माणसांसाठी होता, पण त्याने एका सूक्ष्मजीवालाही वळण लावले.

या यीस्टचा पुढचा प्रवास मराठी घराला सहज कळेल, कारण तो विरजणाचा प्रवास आहे. 1845 मध्ये कोपनहेगनच्या जे. सी. याकोबसेनने म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीतून यीस्ट नेले. वाटेत प्रत्येक मुक्कामी भांड्यावर गार पाणी ओतून त्याने ते जिवंत ठेवले, अशी गोष्ट सांगतात. त्याच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेनने 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, आणि ब्रुअरीने ते इतरांनाही दिले. शेजारणीला वाटीभर विरजण द्यावे, तसे. हे यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पूर्वज पाव आणि एल बिअर फुगवणारे आपले ओळखीचे यीस्ट. दुसरा पूर्वज मात्र 2011 पर्यंत अज्ञात होता. तो सापडला अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांवरच्या गाठींमध्ये. पुढे तो तिबेटच्या पठारावरही आढळला.

डब्याचा इतिहास वेगळा आहे आणि त्यात कायद्याशी लपाछपी आहे. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. घरी फळांचा रस करून ठेवायला कायद्याने थोडी मोकळीक दिली, बिअरला दिली नाही. पण जवाचा पाक विकायला बंदी नव्हती. बंद पडलेल्या ब्रुअऱ्यांनी तो डब्यांत भरून किराणा दुकानांत ठेवला. कागदावर तो पाव-बिस्किटांसाठी होता. बिस्किटांना हॉप्सचा कडूपणा कशाला लागतो, हे कुणी विचारत नव्हते. बंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला परवानगी मिळाली आणि घरगुती बिअर कायद्याबाहेरच राहिली. ती उणीव भरून काढणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर 1978 मध्ये सही केली. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला 1880 पासून परवाना लागत असे. 1963 मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली आणि त्यानंतर तिथे किटचा धंदा फोफावला.

डब्यावर ‘लागर’ लिहिलेले असले, तरी अशा अनेक किटांतल्या पुडीत एलचे यीस्ट असते. कारण साधे आहे. लागरचे यीस्ट 10-12 अंशांच्या आसपास खुलते आणि त्यानंतर बिअर शून्याच्या जवळ काही आठवडे ठेवावी लागते. घराच्या कोपऱ्यात 20 अंश असतात. म्युनिकमध्येच 1870च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने शीतयंत्र ब्रुअरीत आणले आणि तळघराची थंडी विकत मिळू लागली. पण 23 लिटरच्या पिंपासाठी एक अख्खा फ्रिज अडवणारे घर विरळाच. त्यामुळे डब्यावरचा ‘लागर’ हा अनुवाद आहे, आणि मूळ शब्दातले क्रियापद त्यातून गळले आहे. पाणी, साखर, तापमान यांची मापे पत्रिकेत असतात. थंडीत वाट पाहणे एखाद्या ओळीत उरकते, तेही सवड असल्यास.

महाराष्ट्रात हा डबा स्वयंपाकघरात उघडून पिंप भरले, तर तो गुन्हा आहे. 1949चा दारूबंदी कायदा विनापरवाना निर्मितीत घर आणि कारखाना असा भेद करत नाही. दारू हा आपल्या राज्यघटनेत राज्यांचा विषय असल्याने सगळीकडे सारखे चित्र नाही. काही राज्यांत आदिवासी कुटुंबांना घरच्यापुरती तांदळाची बिअर करण्याची मुभा आहे. झारखंड-ओडिशातली हंडिया, आसाम-अरुणाचलातले आपोंग, लडाखमधली जवाची छांग: हे पेय बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. हंडियाला लागणारी रानूची गोळी, म्हणजे तांदळाच्या पिठात वनस्पतींची मुळे कुटून वाळवलेले विरजण, आठवडी बाजारात मिळते. झाकणाखालची पुडी जे काम करते तेच ती करते आणि पिष्टाची साखरही करते. त्यामुळे तिला डब्यातल्या पाकाची गरजच पडत नाही. ‘होमब्रू’ हा छंद परदेशातून आला, असे शहरात मानले जाते. तो शब्द आपल्याकडे आला त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या अनेक भाषांना हे काम ठाऊक आहे, आणि त्यांतल्या एकीलाही ते करायला सूचनापत्रिका लागलेली नाही.