बाजारात तुरी : ॲडम ऑसबर्न आणि त्याच्या नावाचा 'परिणाम'

तंत्रज्ञान-उद्योगाच्या रोजच्या बातम्या चाळल्या तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. त्यांतल्या निम्म्याअधिक बातम्या घडलेल्या गोष्टींच्या नसतातच, घडणार असलेल्या गोष्टींच्या असतात. अमुक कंपनीचा पुढचा फोन, तमुक कंपनीची पुढची चिप, येत्या वर्षी येऊ घातलेले यंत्र. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही आपल्याकडची जुनी म्हण या वृत्तप्रकाराला जशी लागू पडते तशी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. मात्र या उद्योगात तुरी बाजारात असतानाच घरातला भात करपल्याची एक कथा आहे, आणि तिला 'ऑसबर्न परिणाम' असे भारदस्त नावही मिळाले आहे. नवे यंत्र वेळेआधी जाहीर केले, लोकांनी जुने घ्यायचे थांबवले, कंपनी बुडाली: तीन वाक्यांत मावणारी ही कथा गेली चाळीस वर्षे व्यवस्थापनाच्या वर्गांतून आणि वृत्तस्तंभांतून सांगितली जाते. ती कितपत खरी आहे, हे तपासण्याचा येथे विचार आहे.

ज्याचे नाव या कथेला चिकटले तो ॲडम ऑसबर्न मुळात कारखानदार नव्हता, लेखक होता. 1939 साली बँकॉकमध्ये त्याचा जन्म झाला. त्याचे वडील आर्थर ऑसबर्न हे इंग्रज गृहस्थ रमण महर्षींचे भक्त. त्यामुळे ॲडमचे बालपण गेले ते तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलै येथे, अरुणाचल पर्वताच्या पायथ्याशी. पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण, अमेरिकेत रसायन-अभियांत्रिकीतली डॉक्टरेट, तेलकंपनीतली नोकरी असा प्रवास करून तो मायक्रोप्रोसेसरवरच्या पुस्तकांकडे वळला. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती संगणक जुळवणाऱ्या हौशी मंडळींना त्याची पुस्तके हाताशी लागत. 1979 साली मॅग्रॉ-हिल या मातबर प्रकाशनसंस्थेने त्याचा प्रकाशनव्यवसाय विकत घेतला.

याच काळात तो स्तंभलेखकही झाला. प्रथम 'इंटरफेस एज'मध्ये व नंतर 'इन्फोवर्ल्ड'मध्ये तो संगणक-कंपन्यांची झाडाझडती घेत असे. तयार नसलेल्या मालाच्या जाहिराती देऊन गिऱ्हाइकांचे पैसे आगाऊ गोळा करणे ही तेव्हा या धंद्यातली सर्रास रीत होती, आणि तीवर त्याने लेखणी चालवली. म्हणजे अवेळी केलेल्या घोषणांचा धोका ज्यांना सर्वांत आधी कळला होता त्यांपैकी तो एक. नियतीचा उपरोध वगैरे शब्द आम्ही सहसा वापरत नाही. पण येथे ते हाताशी आल्यावाचून राहत नाहीत.

मॅग्रॉ-हिलकडून आलेल्या पैशातून ऑसबर्नने स्वतःच संगणक काढायचे ठरवले. रचना केली ती ली फेल्सेन्स्टाइन या 'होमब्रू कम्प्यूटर क्लब'च्या आधारस्तंभाने. एप्रिल 1981मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील मेळाव्यात 'ऑसबर्न 1' मांडला गेला. वजन सुमारे 11 किलो, पडदा अवघा पाच इंचांचा, एका ओळीत 52 अक्षरे. झाकण लावले की शिवणयंत्राच्या पेटीसारखा उचलून न्यावा. किंमत 1,795 डॉलर. यंत्रात नवे काही नव्हते, नवेपण होते ते सौद्यात. 'वर्डस्टार', 'सुपरकॅल्क' आणि बेसिकच्या दोन आवृत्त्या त्याच किमतीत मिळत. हे सारे सुटे घेऊ जाता जवळपास यंत्राइतकाच खर्च आला असता. संगणक आणि त्यावर चालणारी आज्ञावली ही एकच वस्तू म्हणून विकण्याची ही कल्पना एका प्रकाशकालाच सुचावी, यात नवल नाही. पुस्तक विकणारा माणूस कागद आणि मजकूर वेगवेगळे विकत नाही.

मागणी अशी आली की कंपनीला ती पेलवेना. दोन वर्षांच्या आत ती शून्यातून कोट्यवधी डॉलरच्या उलाढालीवर पोहोचली आणि समभागविक्रीची तयारी सुरू झाली. आणि 13 सप्टेंबर 1983 रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

रूढ कथा म्हणते: 1983च्या आरंभी ऑसबर्नने 'एक्झिक्युटिव्ह' या पुढच्या यंत्राची वाच्यता पत्रकारांपाशी केली, बातम्या छापून आल्या, विक्रेत्यांनी जुन्या यंत्राच्या मागण्या रद्द केल्या, गोदामे भरली आणि तिजोरी रिकामी झाली. यातला प्रत्येक तुकडा बहुतांशी खरा आहे. घोषणा झाली होती, मागण्याही आटल्या होत्या. प्रश्न आहे तो 'म्हणून' या शब्दाचा.

कारण या कथेत बाजारातले इतर कोणीच दिसत नाही. 1982 साली कॅलिफोर्नियातलीच 'केप्रो' कंपनी आपला उचलता संगणक घेऊन आली होती. किंमत तीच 1,795 डॉलर, सोबत तशीच आज्ञावल्यांची भेट, पण पडदा नऊ इंचांचा आणि ओळीत पूर्ण 80 अक्षरे. ऑसबर्नवर लांब ओळ वाचायची तर मजकूर आडवा सरकवावा लागे. ज्याने दिवसभर पत्रे टंकायची आहेत त्याने काय निवडावे, हे सांगायला बातमीची गरज नव्हती. दुसरीकडे आयबीएमचा पीसी 1981च्या ऑगस्टमध्ये आलाच होता, आणि नोव्हेंबर 1982मध्ये 'कॉम्पॅक'ने त्याच्याशी जुळणारे उचलते यंत्र जाहीर केले. ऑसबर्नची यंत्रे सीपी/एम या जुन्या कार्यप्रणालीवर चालत, आणि तिचे दिवस भरत आले होते. त्यातच बहुचर्चित 'एक्झिक्युटिव्ह' निघाला 2,495 डॉलरचा आणि पडदा सात इंचांचा. थोडक्यात, नवे यंत्र केप्रोहून महाग आणि तरीही केप्रोहून तोकडे. गिऱ्हाईक थांबले असेल ते याची वाट पाहत थांबले, की शेजारच्या दुकानात गेले? आम्हाला दुसरी शक्यता अधिक पटते.

कंपनीच्या आतूनही एक निराळी हकीकत पुढे आली. 'एक्झिक्युटिव्ह' हळूहळू विकला जात असता एका अधिकाऱ्याला जुन्या यंत्रांचे सुमारे दीड लाख डॉलरचे मदरबोर्ड पडून असल्याचा शोध लागला. ते वाया कसे जाऊ द्यायचे, म्हणून त्यांना पडदे, डिस्क-ड्राइव्ह आणि पेट्या जोडून पूर्ण यंत्रे करण्याचा घाट घातला गेला आणि त्यात सुमारे वीस लाख डॉलर गेले. एका माजी कर्मचाऱ्याच्या आठवणींतून आलेली ही कथा 2005 साली तंत्रज्ञानविषयक वृत्तपत्रांत चर्चेला आली. तिच्यावर सगळा भार टाकणे हेही रूढ कथेवर विसंबण्याइतकेच एकांगी ठरेल. आठवणींनाही आपापली बाजू असते. पण जिच्या जमाखर्चाला आपल्याच गोदामाचा पत्ता नाही अशा कंपनीचे चित्र तिच्यातून दिसते, आणि ते वाढीच्या त्या वेगाशी जुळते.

मग घोषणेचीच कथा का टिकली? आमच्या मते तिच्यात सगळ्यांचीच सोय आहे. व्यवस्थापकाला ती सांगते की माल वाईट नव्हता, फक्त तोंड आवरले नाही. आणि वृत्तलेखकाला ती त्याहून गोड काही सांगते: तुझ्या एका बातमीने कंपनी बुडू शकते. पडद्याची रुंदी आणि गोदामाची मोजदाद यांच्या कथेत असले नाट्य नाही. घोषणा ही बातमी होते. हिशेबातली चूक बातमी होत नाही, निदान वेळेवर तरी नाही. म्हणून जिचा दस्तऐवज मागे उरला तीच गोष्ट कारण ठरली. इतिहासाच्या अभ्यासकांना हा सापळा परिचित आहे. बखरीत जे आले तेच घडले, असे मानण्याचाच हा प्रकार.

शिवाय प्रतिउदाहरण त्याच वर्षातले आहे. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज'ची घोषणा केली ती नोव्हेंबर 1983मध्ये, ऑसबर्नच्या दिवाळखोरीनंतर दोनच महिन्यांनी. प्रत्यक्ष आज्ञावली आली नोव्हेंबर 1985मध्ये. दोन वर्षे लोकांनी चेष्टा केली, पण कंपनी बुडाली नाही. तिच्या डॉसला त्या काळात कोणी पर्याय उभा केला नव्हता. उलट फेब्रुवारी 2011मध्ये नोकियाने सिम्बियन सोडून विंडोज फोनकडे जात असल्याचे जाहीर केले आणि तिच्या फोनांची विक्री कोसळली, तेव्हा ऑसबर्नचे नाव पुन्हा सगळीकडे घेतले गेले. त्या वेळी आयफोन आणि अँड्रॉइड दुकानांच्या फळ्यांवर होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

ऑसबर्नने नंतर 'पेपरबॅक सॉफ्टवेअर' ही कंपनी काढली. पुस्तकाच्या किमतीत आज्ञावली, हा पुन्हा प्रकाशकाचाच विचार. तिच्या 'व्हीपी-प्लॅनर'वर लोटस कंपनीने नक्कल केल्याचा दावा लावला आणि 1990 साली न्यायालयाने लोटसच्या बाजूने निकाल दिला. 1992च्या सुमारास, प्रकृती ढासळू लागल्यावर, तो भारतात परतला. 18 मार्च 2003 रोजी कोडैकनाल येथे त्याचे निधन झाले. तेथून काही तासांच्या अंतरावरच्या तिरुवन्नामलैत त्याच्या वडिलांनी 1964 साली 'द माउंटन पाथ' हे नियतकालिक सुरू केले होते. रमणाश्रमाकडून ते अजूनही निघते.