हवेचे पिस्तूल : पहिली निवड आणि तिच्यामागचा इतिहास

जुहूच्या चौपाटीवर फळीला बांधलेले रंगीत फुगे आणि त्यांच्यासमोर मांडलेली हवेची बंदूक आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. काहींनी खिशातली चिल्लर मोजून तिने फुगेही फोडले असतील. मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय मनुष्याचा शस्त्राशी संबंध आला तो बहुधा एवढाच. परंतु आता अंधेरी-बोरिवलीकडच्या आणि घाटकोपर-मुलुंडकडच्या घरांतून एक निराळाच प्रश्न कानी येतो. मुलगी नेमबाजीच्या क्लबात जाऊ म्हणते. तिला पहिले पिस्तूल कोणते घेऊन द्यावे? प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा आहे. तथापि आपल्या पणजोबांना तो विचारताच आला नसता. तो आपणांस विचारता येऊ लागला कसा, हे पाहिल्यावाचून त्याचे नीट उत्तर सापडणार नाही, असे आम्हांस वाटते.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने या देशातील लोकांकडून हत्यारे काढून घेण्यास आरंभ केला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र सूट राहिली. शस्त्र गेल्याचे दुःख होतेच, पण त्याहून झोंबली ती अविश्वासाची गोष्ट. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतूनच या कायद्याविरुद्ध ठराव होऊ लागले, ते याच कारणाने.

त्या काळात मराठी मनात पिस्तूल या शब्दाला जो अर्थ चिकटला, तो खेळाचा नव्हता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यांच्या हातातील ब्राउनिंग पिस्तूल हे सावरकरांनी लंडनहून गुप्तपणे धाडलेल्या पिस्तुलांपैकी होते. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मुलुंडच्या पुढचेच स्टेशन ते. पिस्तूल म्हणजे कट, खटला आणि फास, ही सांगड पुढे दोन पिढ्या सुटली नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून काहींना नवल वाटेल. जानेवारी १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहापूर्वी, गांधीजींनी सरकारपुढे ११ मागण्या ठेवल्या. त्यांत मीठकराच्या जोडीने एक मागणी अशी होती की, लोकांच्या नियंत्रणाखाली आत्मसंरक्षणार्थ शस्त्रांचे परवाने मिळावेत. अहिंसेचा उपासक ही मागणी करतो, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. ज्याच्या हाती शस्त्र येऊच दिले नाही, त्याने ते टाकून दिले असे कसे म्हणावे?

हाच धागा स्वातंत्र्यानंतर पुढे गेला. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव, म्हणजे दादासाहेब मावळंकर. मराठी घराण्यातले, अहमदाबादेत वकिली केलेले, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले आणि १९५२ साली लोकसभेचे पहिले सभापती झालेले हे गृहस्थ. त्यांच्या नावाने होणारी अखिल भारतीय स्पर्धा नवोदित नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेचे दार ठरली. खादीधारी सभापतीने रायफल संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे, याचा आम्ही असा अर्थ लावतो की, परक्या सरकारने नाकारलेला विश्वास स्वतंत्र देशाने आपल्या नागरिकांवर शिस्तीच्या बोलीने टाकला. या खेळाच्या मुळाशी तो विश्वास आहे.

कायदाही सावकाश त्याच दिशेने आला. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवेच्या शस्त्रांसाठी स्पष्ट रेषा आखली : नळीच्या तोंडाशी शक्ती २० ज्यूलहून अधिक, अथवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरहून मोठा, असेल तर परवाना हवा. स्पर्धेच्या पिस्तुलाचा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १६० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. त्याची शक्ती साडेसहा ज्यूलच्या जवळपास भरते. म्हणजे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. तेव्हा सरकार येथे आपणांस परवाना मागत नाही. पण एवढ्या शक्तीनेही डोळा जातो आणि पाखरू मरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरांची शिकार गुन्हा ठरली आहे, हे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांनी विसरू नये. परवान्याची अट जेथे संपते, तेथे घरच्या वडीलधाऱ्यांची जबाबदारी सुरू होते.

पहिली बंदूक मुलाला कोठे नेईल, हे त्या बंदुकीवर फारसे अवलंबून नसते. मुंबईतच याचा मोठा दाखला आहे. १९०८ च्या सुमारास खेतवाडीत मामाकडे राहणाऱ्या सलीम अली नावाच्या मुलाने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथले मिलर्डसाहेब रागावले नाहीत. त्यांनी पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तके दिली. त्यातून भारताचे थोर पक्षिशास्त्रज्ञ घडले. बंदूक होती मुलांच्या खेळण्यातली. फरक पाडला तो तिच्यानंतर भेटलेल्या माणसाने. म्हणून पालकांना आमचे पहिले सांगणे हे की, आधी क्लब आणि गुरू निवडा, पिस्तूल मागाहून.

याला आपल्याच शहरातील नेमबाजांचा आधार आहे. अंजली भागवत कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.त होत्या. १९८८ साली बंदूक हाती घेतल्यापासून आठवड्याच्या आत त्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडून राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. पुढे २००२ साली त्या जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या. हे रायफलचे उदाहरण झाले. पिस्तुलात मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. अशा कामगिरीचा पाया रेंजवर घातला जातो, दुकानात नव्हे. तेव्हा पहिले काही महिने क्लबाच्या पिस्तुलावरच काढावेत. हात स्थिरावल्यावाचून लाखाच्या पुढे किंमत गेलेले परदेशी पिस्तूल घेणे म्हणजे सूर लागण्याआधी तंबोरा विकत घेणे होय.

त्यानंतर निवडीची वेळ आली की यंत्राचा इतिहास उपयोगी पडतो. १९२४ साली बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने काढलेल्या पिस्तुलासारख्या जुन्या नमुन्यांत स्प्रिंगने ढकललेला दट्ट्या हवा दाबीत असे. दट्ट्या झेपावला की पिस्तूल हिसका देई, आणि छर्रा नळीत असतानाच नेम हले. १९६५ च्या सुमारास जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊने हा हिसका पोटातच जिरवणारे पिस्तूल काढले आणि स्पर्धेचे स्वरूप पालटले. मग प्रत्येक नेमाला एकदाच तरफ ओढून हवा दाबण्याची रीत आली, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांची आली, आणि शेवटी २०० बार दाबाच्या हवेच्या नळकांड्याची. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून हा प्रकार पुरुष व स्त्रिया दोघांसाठी ऑलिंपिकमध्ये आहे.

या क्रमातून नवशिक्यापुढे खरे दोनच मार्ग उरतात. तरफेच्या पिस्तुलाला नळकांडे लागत नाही, बिघाड थोडा, किंमत कमी. मात्र ६० नेमांच्या स्पर्धेत ६० वेळा तरफ ओढावी लागते आणि कोवळा हात थकतो. दाबलेल्या हवेचे पिस्तूल हाताला हलके जाते, पण नळकांडे भरण्याची सोय क्लबात असली पाहिजे. ते वापरलेले घेत असाल तर नळकांड्यावर कोरलेली तारीख आधी वाचावी. त्याचे आयुष्य साधारण १० वर्षांचे धरतात आणि मुदत संपलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही.

मूठ मात्र कोणत्याही मार्गात सर्वांत महत्त्वाची. त्याचा हिशेब सोपा आहे. लक्ष्य १० मीटरवर असते. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, आणि पुढचे प्रत्येक कडे ८ मिलिमीटर रुंद. पिस्तुलाची माशी आणि मागची खाच यांत सुमारे ३२ सेंटिमीटर अंतर असले आणि माशी खाचेत एका मिलिमीटरने सरकली, तर छर्रा लक्ष्यावर सुमारे ३१ मिलिमीटर चुकतो, म्हणजे जवळजवळ चार कडी गेली! मूठ सैल असली की हे सरकणे टळत नाही. मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डावऱ्यांसाठी वेगळी मिळते. लाकूड तासून आणि लांबी भरून ती हातास बसवावी लागते. चापाचा ताण नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम हवा, आणि पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमच्या आत. दहा मिनिटे हात लांबवून धरता येईल एवढेच वजन प्रथम घ्यावे. मधून मधून हात खाली घेण्यास हरकत नाही.

आणखी एक सांगणे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचे पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडले. दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्याच मनू भाकर यांनी २०२४ साली पॅरिसला याच प्रकारात कांस्यपदक घेतले. उत्तम यंत्रही बिघडते, हा त्यातला बोध. म्हणून नाव पाहण्यापेक्षा सुटे भाग मिळतात का आणि आपल्या शहरात दुरुस्त करणारा कोणी आहे का, हे विचारावे. आपल्या पावसाळ्यात तर लोखंडाला आठवड्यात गंज धरतो. कोरडे कापड, थोडे तेल आणि ओल शोषणाऱ्या पुड्या घरात असाव्यात. लोकलने रेंजवर जाताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत आणि क्लबाचे ओळखपत्र जवळ असावे. गर्दीत ते कधीही बाहेर काढू नये; पाहणाऱ्याला ते खेळाचे की खुनाचे, हे कळण्याचे साधन नसते.

असो. ज्या वस्तूपायी एकदा ठाण्याच्या तुरुंगात तीन तरुण फासावर गेले, त्याच नावाची वस्तू आज शाळकरी मुलगी पेटीत घालून गाडीने रेंजवर नेते, आणि तिच्यावर समाज विश्वास ठेवतो. या विश्वासाला शंभराहून अधिक वर्षे लागली आहेत. पहिले पिस्तूल निवडताना किंमत, मूठ आणि नळकांडे जरूर पाहावे. पण पेटीची किल्ली कोणाकडे राहणार, हे त्याच दिवशी घरात ठरवून टाकावे.