काळ्याला काळी

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा, तो नुसता तुमच्या तोंडाकडे बघत राहील. १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव त्या रस्त्याला चिकटलं ते चिकटलंच. आधी तिथे रेडिओचे सुटे भाग मिळायचे, मग कंप्युटरचे. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या कितीतरी घरांत पहिला कंप्युटर आला तो या रस्त्यावरून, खोक्याखोक्यांनी. अर्थात 'असेंबल्ड'.

आणि घरी आणून, हार-कुंकू वाहून बटण दाबल्यावर तो सुरूच झाला नाही, हेही बऱ्याच घरांत घडलेलं आहे. नव्या कंप्युटरची चूक शोधायची विद्या मुंबईत आली कशी आणि तिने आपल्याला काय दिलं, त्याबद्दल आज थोडंसं.

सुरुवात लॅमिंग्टन रोडच्याही आधीपासून करायला हवी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या गटाने भारतातला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कंप्युटर बांधायला घेतला. बहुतेक मंडळी तरुण, आणि कंप्युटर बांधायचा अनुभव नाही. म्हणून त्यांनी आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र केलं. ते १९५६ साली चाललं. त्यावर शिकून मग मोठं यंत्र केलं, ते १९६०च्या फेब्रुवारीत कामाला लागलं. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. यातला एखादा रुसला तर नेमका कुठला, हे ज्यांनी बांधलं त्यांनीच शोधायचं. म्हणजे बघा, मुंबईतला पहिला 'असेंबल्ड' कंप्युटर हाच!

यातली एक युक्ती लक्षात ठेवा: आधी छोटं चालवून बघायचं, मग वाढवायचं. ती पुढे येणार आहे.

घरगुती असेंबल्ड कंप्युटर शक्य झाला तो आयबीएममुळे. गंमत अशी, की परकीय भांडवलाच्या नियमांवरून आयबीएम १९७८ साली भारतातून गेली होती. १९८१ साली तिने अमेरिकेत आपला पीसी काढला, तो घाईघाईत, बाहेरचे भाग घेऊन. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. स्वतःचं म्हणावं असं मुख्यतः बायोस. कॉम्पॅकने त्याच्यासारखंच वागणारं बायोस स्वतः लिहिलं, पुढे इतर कंपन्या तसं बायोस विकायलाच लागल्या, आणि कुणीही पीसी बनवू लागलं. इकडे नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवं कंप्युटर धोरण आणून सुट्या भागांची आयात सोपी केली. पुढे १९९१ची उदारीकरणाची लाट आली आणि रेडिओवाल्यांच्या शेजारी मदरबोर्डांची खोकी लागली.

आता सुट्या भागांच्या खरेदीतला खरा पेच सांगतो. ब्रँडेड मशीन बंद पडलं तर जबाबदार एक कंपनी. असेंबल्डला असा धनी नाही. बोर्डाची वॉरंटी एकाकडे, रॅमची दुसऱ्याकडे, एसएमपीएसची तिसऱ्याकडे. बोर्डवाला म्हणणार रॅम बघा, रॅमवाला म्हणणार बोर्ड बघा. घरात साठवलेले पैसे गुंतलेले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणारा. अशा वेळी बदलून मिळायचं ते फक्त त्याला, जो ठामपणे सांगू शकायचा की दोष याच भागात आहे. म्हणजे निदान ही हौस उरली नाही, ती ग्राहकाची एकमेव ताकद झाली.

मग हळूहळू शहाणपण जमत गेलं. पहिला धडा होता 'काळ्याला काळी'. जुन्या एटी पद्धतीत एसएमपीएसमधून बोर्डाकडे दोन सारखेच कनेक्टर यायचे. दोन्हींच्या काळ्या वायरी मधे शेजारीशेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावले की बोर्ड जळायचा. इंटेलने १९९५ साली एटीएक्स आणलं, एकच कनेक्टर केला, तेव्हा हा धडा इतिहासजमा झाला. (काही एसएमपीएसच्या पाठीवरचा छोटा लाल स्विच मात्र राहिला. तो ११५वर असेल आणि आपल्या २३०च्या पॉइंटात लावला, तर फटाका ठरलेला.)

दुसरा धडा, 'सुरू होत नाही' म्हणजे नेमकं काय होत नाही ते आधी विचारा. पंखासुद्धा हलत नाही? मग वीज, एसएमपीएस किंवा समोरच्या बटणाची वायर. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? मग रॅम, डिस्प्ले कार्ड, प्रोसेसर किंवा बोर्ड. पेंटियम ४च्या काळात प्रोसेसरसाठी चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला. तो लावायचा राहिला की पंखे झकास फिरतात आणि पुढे काही नाही! स्क्रीनवर अक्षरं येतात पण विंडोज येत नाही? मग हार्ड डिस्क आणि तिची केबल.

तिसरा धडा कानाचा. बटण दाबल्यावर बायोस आधी स्वतःची तपासणी करतं. तेव्हा स्क्रीन चालेल याची त्याला खात्री नसते, म्हणून ते कॅबिनेटमधल्या छोट्या स्पीकरने बोलतं. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. रॅम काढून बटण दाबलं आणि बोर्ड ओरडला, तर आनंद माना. तक्रार करणारा बोर्ड जिवंत असतो. काळजी गप्प बसणाऱ्याची.

आणि शेवटचा धडा टिफ्रॅकवाल्यांचाच. सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढा, बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस. चाललं की एकेक भाग वाढवा. बाहेर चालतं आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही? मग बोर्डाखालचा एखादा पितळी स्टड भलत्या जागी लागलाय आणि बोर्ड शॉर्ट होतोय.

चाळींचा म्हणून एक खास धडा होता, अर्थिंगचा. जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन असायची पण तिच्यामागे अर्थिंग नसायचं. मग एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. लोक म्हणत कंप्युटर खराब आहे. बिघाड असायचा भिंतीत.

हे सगळं पोरं शिकली कुठे? काही क्लासमध्ये, बरीचशी दुकानांच्या काउंटरवर उभी राहून. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्यांच्या घरात साचेखात्यातली माणसं होती, अशा लालबाग-परळच्या काही मुलांनी हार्डवेअरचं काम धरलं. मला यात एक सलग धागा दिसतो. साच्याचा आवाज बदलला की काय बिघडलंय ते ओळखणारे कान त्या घरांत आधीपासून होते. वडिलांचं यंत्र मालकाचं होतं आणि ते मालकाने थांबवलं. मुलाच्या हातातलं ज्ञान कुणाला थांबवता येणार नव्हतं.

आज बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच झाळलेली असते. काढून बघायला काही उरलंच नाही. सुटे भाग घेऊन मशीन जोडणारे आजही आहेत, बहुतेक गेमवाले. बीपच्या जागी बोर्डावरचे छोटे दिवे आलेत. डीडीआर५ रॅमचा नवा कंप्युटर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, कारण बोर्ड रॅमशी सूर जुळवत असतो. घाबरून बटण बंद करू नका, चहा टाका.

बाकी पद्धत तीच. काय होत नाही ते नीट विचारा, कमीत कमी भागांवर या, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पुरावा हातात आल्याशिवाय कुणाला दोष देऊ नका. कंप्युटर सोडून इतर ठिकाणीही ही पद्धत वापरून बघायला हरकत नाही. भिंतीतलं अर्थिंग तपासायच्या आत आपण किती जणांना 'खराब' ठरवून मोकळे होतो!