मायापुरीतील शिसे

सप्तपुरींत जिची गणना होते ती माया म्हणजे हरिद्वार. दिल्लीची मायापुरी निराळी. शहराच्या पश्चिम भागातील ही भंगाराची मोठी पेठ. जुनी यंत्रे येथे येत आणि लोखंड, तांबे, पितळ, शिसे अशा राशींत विभागली जात. तेथला कामगार रसायनशास्त्र शिकलेला नसे. पण वजन, रंग, लोहचुंबकाची साक्ष आणि हातोड्याखाली उमटणारा नाद यांवरून तो धातू ओळखी. हीही एक विद्याच. २०१० साली मात्र ती अपुरी पडली.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ‘गॅमासेल’ नावाचे कॅनडात बनलेले एक संशोधनयंत्र होते. १९८५ पासून ते वापराविना पडून राहिले आणि २०१० च्या फेब्रुवारीत भंगार म्हणून लिलावात विकले गेले. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० होते. सुमारे सव्वापाच वर्षांत या द्रव्याचे तेज निम्मे होते. म्हणजे चाळीस वर्षांनंतर त्याचा दोनशेवा अंश उरतो. जीव घेण्यास तेवढाही पुरेसा ठरला.

हे तेज अडवण्यासाठी यंत्राभोवती शिशाचे जाड कवच होते. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने शिसे ही संरक्षक भिंत. भंगारवाल्याच्या दृष्टीने तोच सर्वांत किमती माल. तेव्हा कामगारांनी प्रथम हात घातला तो नेमका त्या भिंतीला. आतील चकचकीत कांब्यांचे तुकडे झाले आणि ते निरनिराळ्या हातांत गेले. एकाने तर एक तुकडा पैशाच्या पाकिटात जपून ठेवला. गॅमा किरणांना वास नाही, रंग नाही, तत्काळ दाह नाही. काही दिवसांनी कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले, तेव्हा एका रुग्णालयातील डॉक्टरांना संशय आला आणि ७ एप्रिलला त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळास कळवले. आठ जणांना बाधा झाली. २६ एप्रिलला त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय मापनात सातपैकी चौथी पायरी या अपघाताला मिळाली.

आता दुसरे चित्र पाहावे. मंडळाचे, भाभा अणुसंशोधन केंद्राचे आणि नरोरा अणुवीजकेंद्राचे तज्ज्ञ त्याच गल्लीत आले. अशा पथकांचे शिक्षण तीन गोष्टींभोवती फिरते: वेळ, अंतर आणि आड. उगमाजवळ कमीत कमी वेळ थांबावयाचे, हाताने न उचलता लांब चिमट्याने उचलावयाचे, मध्ये शिशाची आड ठेवावयाची. अंतर दुप्पट झाले की मारा चौथाईवर येतो, हे गणित त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. मापकाच्या आवाजावरून ढिगारे शोधून त्यांनी तुकडे जमा केले आणि ते नरोराला सुरक्षित हलवले. गल्ली तीच, तुकडे तेच. फरक केवळ शिक्षणाचा.

नियम नव्हते असे नाही. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ मध्येच झाले होते. योगायोग असा की, त्याच वर्षी ब्राझीलमधील गोयानिया शहरात रुग्णालयाचे टाकून दिलेले यंत्र फोडल्याने चौघे दगावले. तेव्हापासून जगभरच्या तज्ज्ञांना ठाऊक होते की, अशा यंत्राशी शेवटची गाठ अनेकदा भंगारवाल्याची पडते. पण कायदा कचेरीत राहिला आणि शिक्षण प्रयोगशाळेत. किरणोत्साराचे तीन पात्यांचे चिन्ह १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मले. न शिकलेल्या माणसाला त्यात पंखा दिसावा, आपल्याकडे कदाचित बेलाचे त्रिदळ.

अकरा देशांतील लोकांना दाखवून पारखलेले एक नवे चिन्ह २००७ साली मान्य झाले: तांबडा त्रिकोण, वरून पडणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या बाहेर नव्हे, आतल्या बाजूस लावावयाचे असते. यंत्र उघडू लागणाऱ्यालाच दिसावे म्हणून. विद्यापीठातील ते यंत्र या चिन्हाहून कितीतरी जुने होते.