तपकिरीच्या डबीतली साखर

आजोबांची तपकिरीची डबी पितळेची होती, बिजागरीच्या झाकणाची. आजोबा गेल्यावर आईने ती चिंच लावून घासली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि तिच्यात मोजून तीन चमचे साखर भरली. साल 1979. मी नऊ वर्षांची होते. आम्ही साताऱ्याला राहायचो, आणि मला इन्शुलिन सुरू करून पुण्याहून परत येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. डबी शाळेच्या गणवेशाच्या खिशात राहायची. कितीही घासली तरी त्या साखरेला तपकिरीचा वास असायचाच. आजही कुठे तपकीर हुंगली की माझ्या जिभेवर साखर येते.

डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं होतं, “रिॲक्शन आली तर साखर द्या.” तेव्हा शब्द तोच होता, रिॲक्शन. आता दवाखान्यात भेटणारी मुलं म्हणतात, हायपो झाला, किंवा नुसतंच, लो आहे मी. शब्द बदलले, पण घाम, थरथर, ओठांभोवतीच्या मुंग्या आणि ती आतून कुरतडणारी भूक आहे तशीच आहे.

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवते आहे. इन्शुलिनचा इतिहास जिथे जिथे वाचला, तिथे तो वाढलेल्या साखरेवर मिळवलेल्या विजयाचा होता. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली. 11 तारखेच्या अर्काने फारसं साधलं नाही, 23 तारखेला कॉलिपने शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलगा सावरला. शोध लावणारे बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड, कॉलिप, मग नोबेल पारितोषिक. हे सगळं खरं आहे. पण माझ्या खिशातली डबीही त्याच प्रयोगशाळेत जन्मली, आणि तिच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे.

कॉलिप आपला अर्क किती जोरकस आहे हे सशांवर तपासत असे. साखर फार उतरली की ससे आकडी येऊन पडायचे, मान मागे टाकून पाय झाडायचे. ग्लुकोज टोचलं की तोच ससा काही मिनिटांत उठून बसायचा. त्या वेळी औषधाला ना ठरलेली ताकद होती ना वजन. मग मापच या सशांवरून बांधलं गेलं. दोन किलोचा उपाशी ससा, त्याची साखर आकडीच्या पातळीला, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 45 मिलिग्रॅमपर्यंत उतरवायला किती अर्क लागतो, त्यावरून युनिट ठरलं. पुढे व्याख्या सुधारत गेल्या. पण सकाळी सिरिंजमध्ये बारा युनिट भरताना मला तो ससा आठवतो. मी ज्या मापाने माझं औषध मोजते, ते माप मुळात कमी साखरेचं आहे.

सशानंतर पाळी माणसांची. जो गिलख्रिस्ट हा बँटिंगचा वर्गमित्र, स्वतः डॉक्टर आणि स्वतः मधुमेही. तयार झालेला नवा घाणा आधी तो स्वतःला टोचून बघायचा. एकाची ताकद दुसऱ्याला जुळत नसे, त्यामुळे आज किती साखर उतरेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याच वर्षी टोरांटोच्या फ्लेचर आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी इन्शुलिननंतर साखर उतरलेल्या रुग्णांची लक्षणं नीट लिहून काढली: भूक, कंप, घाम, भीती, मग गोंधळ आणि शुद्ध हरपणं. औषध येऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्याच्या सावलीचं वर्णन पूर्ण झालं होतं. ते वाचताना मला वाटलं, या दोघांनी माझ्या आईशी बोलून लिहिलंय.

लंडनचे डॉ. रॉबिन लॉरेन्स मला या सगळ्यांत जवळचे वाटतात. त्यांना 1920 मध्ये मधुमेह झाला. मरायचंच आहे तर घरच्यांच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. तिथे 1923 मध्ये मित्राचा निरोप आला की इन्शुलिन मिळालंय, लवकर परत ये. ते परतले, जगले, आणि पुढे हजारो मधुमेहींचे डॉक्टर झाले. 1926 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की व्यायामाने इन्शुलिनचा जोर वाढतो. मला हे 1980 मध्ये खो-खोच्या मैदानावर कळलं. तीन मिनिटं पळाले, खुंटाला हात लावला आणि खुंट दोन दिसू लागले. बाईंनी कुणाला तरी धावत पाठवून कंदी पेढे आणवले. साताऱ्यात दुसरं काय आणणार! मी दोन पेढे खाल्ले आणि तरीही अर्धा तास भिंतीला टेकून थरथरत होते. खव्यातल्या स्निग्धामुळे साखर पोटातून रक्तात जायला वेळ लावते, हे तेव्हा बाईंना ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. त्यानंतर आईने शाळेत एक चिठ्ठी दिली, तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, “पेढा, चॉकलेट, लाडू नको. साखर पाण्यात विरघळवून द्यावी.” आज डॉक्टर म्हणतात, साखर 70 च्या खाली गेली की साधारण 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्या, 15 मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. 15 ग्रॅम म्हणजे तीन चमचे. आईने ते तीन चमचे कुठून काढले, मी तिला विचारलं होतं. म्हणाली, दोनाने तू उठायची नाहीस, चाराने दुसऱ्या दिवशी बाटली लाल यायची.

बाटली म्हणजे काचेची परीक्षानळी. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. हे काम वडिलांचं. नळी निळी राहिली की वडील ती खिडकीशी उजेडात धरून सगळ्यांना दाखवायचे. आई त्या निळ्याला घाबरायची. आता कळतं की तिचं बरोबर होतं. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे निळा रंग 120 चाही असतो आणि 40 चाही. शिवाय ती लघवी मूत्राशयात साठलेली, दोन-चार तासांमागची. 1908 मध्ये बेनेडिक्टचं द्रावण आलं, तेव्हापासून घराघरांत वाढलेली साखर दिसू लागली. उतरलेली साखर दिसायला रक्ताचा थेंब घेणारी पट्टी यावी लागली, ती 1960 च्या दशकात अमेरिकेत आली आणि आमच्या घरी त्यानंतर तीस वर्षांनी. मधल्या काळात जगभरच्या मधुमेही मुलांची कमी साखर मोजली ती हातांनी. बहुतेक आयांच्या हातांनी.

आई रात्री तीनला उठायची, गजराशिवाय. माझ्या मानेमागे केसांखाली हात घालायची. मान ओली लागली की स्वयंपाकघरातला दिवा लागायचा आणि चमच्याचा भांड्यावर आवाज. थंडीतली ओली मान म्हणजे नक्की, उन्हाळ्यात तिला शंका यायची, मग ती पोटऱ्या चाचपायची. संध्याकाळच्या लेंटे इन्शुलिनचा जोर मध्यरात्रीनंतर चढतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 1936 मध्ये हागेडॉर्नचं लांब पल्ल्याचं इन्शुलिन निघालं, पुढे 1950 च्या दशकात लेंटे आलं, सुया कमी झाल्या याचा सर्वांना आनंद झाला. पण त्या सोयीची किंमत रात्री मोजावी लागायची, झोपेत, जेव्हा रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही.

एकदा मात्र हातही पोचला नाही. आठवीत असताना कोरेगावला मावशीकडे लग्नाला गेलो होतो. पंगतीला उशीर झाला, सुई वेळेवर घेतलेली. मी मांडवात उभी राहून मोठमोठ्याने हसायला लागले, मग रडायला, मग कुणाला तरी ढकललं. बायका म्हणाल्या, पोरीच्या अंगात आलंय. कुणीतरी माझ्या कपाळाला अंगारा लावला, कुणी लिंबू आणायला धावलं. आई पंगतीच्या त्या टोकाला होती. ती आली, तिने वाटीभर पाण्यात साखर ढवळून माझं नाक न दाबता, ओरडा न करता, घोट घोट पाजली. मी गिळत होते म्हणून पाजली. शुद्ध गेलेली असती तर तोंडात काही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि दवाखाना गाठायचा, एवढं डॉक्टरांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. वीस मिनिटांनी मी विचारलं, माझ्या कपाळाला काय लागलंय. परदेशात अशाच माणसांना दारुडे समजून पोलीस उचलत, म्हणून तिकडचे मधुमेही खिशात ‘मी मधुमेही आहे, मला साखर द्या’ अशी चिठ्ठी बाळगायचे. मांडवातल्या त्या बायकांवर माझा राग नाही. मेंदूला साखर मिळेनाशी झाली की माणूस खरंच स्वतःचा राहत नाही. त्यांनी त्याला आपल्याला ठाऊक असलेलं नाव दिलं.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. 1933 मध्ये व्हिएन्नात मान्फ्रेड साकेल नावाच्या डॉक्टराने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मुद्दाम भरपूर इन्शुलिन देऊन बेशुद्ध करायचं आणि मग साखरेने जागं करायचं असे उपचार मांडले. मनोरुग्णालयांमध्ये ते देशोदेशी वीस-पंचवीस वर्षं चालले. 1953 मध्ये हॅरॉल्ड बोर्न या तरुण डॉक्टराने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की याचा उपयोग होतो याला पुरावा नाही, तेव्हा मोठमोठे मानसोपचारतज्ज्ञ त्याच्यावर तुटून पडले. ज्या अंधारातून माझी आई मला रोज रात्री ओढून काढत होती, त्या अंधारात लोकांना हात धरून नेलं जात होतं, रोज सकाळी, रांगेने. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी पंचविशी उलटली आणि घाम बंद झाला. साखर उतरायची, पण थरथर नाही, भूक नाही, ओली मान नाही. मी फळ्यावर लिहिता लिहिता चुकीचं सन लिहायची आणि मुलं एकमेकांकडे बघायची. तोवर घरी मीटर आला होता. एकदा सहज तपासलं तर 43, आणि मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. सशाच्या आकडीच्याही खालचा आकडा. त्याच सुमारास अमेरिकेत फिलिप क्रायर आणि त्यांचे सहकारी याचं कारण उलगडत होते. टाइप वन मधुमेहात, उतरलेली साखर वर खेचणाऱ्या ग्लुकॅगॉनचा आधार काही वर्षांतच सुटतो, उरतं ते ॲड्रिनलिन. आणि साखर वारंवार उतरत राहिली की तेही उशिरा जागं होतं. एक हायपो पुढच्या हायपोची घंटा काढून घेतो. 1993 मध्ये 1,441 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास पूर्ण झाला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात हे त्याने दाखवलं, आणि तशा रुग्णांत गंभीर हायपो तिपटीने जास्त होतात हेही. मला दोन्ही वाक्यं लागू होती. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे साखर थोडी वर राहू दे, एकदाही उतरू देऊ नकोस, घंटा परत येईल. दीड महिन्याने एका दुपारी तळहात ओले झाले आणि मी स्टाफरूममध्ये बसून रडले, आनंदाने.

त्या मधल्या दिवसांत आईचा हात निरुपयोगी झाला होता. मान कोरडी आणि साखर पाताळात. तेव्हा तिने नवीन रीत काढली. रात्री तीनला येऊन खांदा हलवायची आणि म्हणायची, सतराचा पाढा म्हण. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. इथपर्यंत गाडी आली तर ती पांघरूण सारखं करून जायची. दुण्यावर अडखळले तर साखरपाणी. मेंदूचं हिशेबाचं काम सगळ्यांत आधी मंदावतं, हे मी पुढे वाचलं. तिला ते कुठून कळलं, तिलाही सांगता येत नाही. म्हणते, बाजारातून आल्यावर एकदा तुला सुट्टे पैसे मोजता येईनात, तेव्हा लक्षात आलं.

आता माझ्या दंडावर सेन्सर आहे आणि साखर 70 च्या खाली उतरायला लागली की फोन वाजतो. इन्शुलिनही बदललं. गुरांच्या स्वादुपिंडातलं जाऊन मानवी आलं, मग त्याहून शांत चालणारी आली. घोटाळ्यांच्या जागाही बदलल्या: आपल्याकडे कुपीत मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि पेनात 100, आणि लाल टोपीच्या सिरिंजने चुकून 100 चं भरलं तर अडीचपट डोस जातो. दवाखान्यात नवीन आई-बाप भेटले की मी त्यांना आधी हे सांगते, मग साखर कुठे ठेवायची ते: उशीशी, दप्तरात, स्कूटरच्या डिकीत, आजीच्या घरी, आणि एक पुडी शेजारणीकडे.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे, शेजारच्या खोलीत झोपते. परवा पहाटे फोन वाजला, 64 आणि बाण खाली. मी डबी उघडली, तीन चमचे खाल्ले, उठून बसले आणि पंधरा मिनिटं होण्याची वाट पाहत राहिले. भिंतीपलीकडून आवाज आला, “सतरा त्रिक?”

“एक्कावन्न,” मी म्हणाले. पलीकडे कॉट कुरकुरली. ती तरीही उठून आली आणि तिने माझ्या मानेमागे हात घातला.